गरम पाण्याचं कुंड आणि माझा डावा पाय



तु-बिश्वातचा मलिदा झाला आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या मोआदोनचा तियुल निघाला. आम्ही 31 जण, बहुतेक सगळे सत्तरी ओलांडलेले. सकाळी बेत-शेआनजवळच्या झऱ्यांच्या बागेत पायी फिरायचं आणि दुपारी हमत गादेरच्या गरम पाण्यात बसायचं, असा बेत होता. बटाटेवडे रामला सोडायच्या आतच संपले, ते वेगळं सांगायला नको.

मी कुपत होलीममध्ये 30 वर्षं नर्स होते. त्यामुळे बसमध्ये माईक हातात घेऊन सूचना द्यायचं काम नेहमी माझ्याकडे. गरम पाण्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. उठताना कठडा धरून हळूहळू उठा, कारण गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात, दाब उतरतो आणि प्रेशरची गोळी चालू असेल तर तो आणखी उतरतो. डोकं पाण्याखाली नेऊ नका. बाहेर आल्यावर पाणी प्या. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नका. सगळ्यांनी मान डोलावली. हे सगळं सांगितलं, पण माझ्या स्वतःच्या पायांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

मला 16 वर्षांपासून डायबेटीस आहे. दोनेक वर्षं तळव्यांना मुंग्या येत होत्या, रात्री पाय जळजळायचे. मग मुंग्या हळूहळू कमी झाल्या. मी म्हटलं, बरं झालं. खरं तर ते बरं होणं नव्हतं, पाय बधिर होत चालला होता. अनेक वर्षं साखर चढी राहिली की नसा खराब होतात आणि सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून बहुधा तिथूनच सुरुवात होते. हे मी शेकडो पेशंटना समजावून सांगितलं होतं.

झऱ्यांची बाग फार सुंदर आहे. वर गिलबोआचा डोंगर हिरवागार, वाट सपाट, आणि जवळच्या साख्नेचं पाणी बारा महिने 28 अंश. चार किलोमीटर चाललो. मध्ये एका उथळ ओहोळातून जाताना माझ्या पाण्यातल्या चपलेत एक खडा शिरला. तो शिरला हे मला नंतर कळलं. त्या खड्यावर मी उरलेली सगळी वाट गप्पा मारत चालले.

दुपारी बस यार्मुक नदीच्या खोऱ्यात उतरली. ही जागा समुद्रसपाटीच्याही खाली आहे आणि नदीपलीकडे जॉर्डन. रोमन लोकांनी इथे स्नानगृहं बांधली. पुढे 662 साली खलिफा मुआवियाच्या काळात ती दुरुस्त केली, रोग्यांना बरं वाटावं म्हणून, असा ग्रीक शिलालेख इथे सापडला आहे. म्हणजे दुखरे गुडघे घेऊन येणारे आपण काही पहिले नाही. गंधकाचा वास आला आणि मला पालीजवळचं उन्हेरे आठवलं. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. आजी सांधेदुखीसाठी तिथल्या कुंडावर जायची आणि आम्हा पोरांना काठावर बसवायची. उतरायच्या आधी ती पाण्यात कोपर बुडवून बघायची. आम्ही तिला हसायचो.

इथल्या तळ्याचं पाणी साधारण 42 अंश असतं. मी थेट पाय घातला. कोमट वाटलं. एक काका म्हणाले, "बापरे, केवढं गरम!" मी त्यांना भित्रे म्हणून चिडवलं. सूचना दहा मिनिटांची, पण मी बसले अर्धा तास.

कपडे बदलायच्या खोलीत वन्सं ओरडल्या, "अगं, फरशीवर रक्त कुणाचं?" मी इकडेतिकडे इतरांचे पाय बघू लागले. रक्त माझंच होतं. खड्याने डाव्या तळव्याला फोड आला होता, गरम पाण्यात कातडी भिजून मऊ झाली आणि फोड फुटून सुट्या शेकेलएवढी जखम उघडी पडली होती. दुखत काहीच नव्हतं. मला भीती वाटली ती रक्ताची नाही, त्या न दुखण्याची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका तरुण नर्सने मला डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा तो बारीक दोरा टेकवायला सुरुवात केली. लागला की "हो" म्हणायचं. मी बराच वेळ गप्प होते. शेवटी विचारलं, "सुरू करतेस ना?" ती म्हणाली, "सव्ता, डावा पाय झालासुद्धा." जखम भरायला सात आठवडे लागले. हाडापर्यंत गेली नाही, देवाची कृपा.

म्हणून डायबेटीस असलेल्यांनी तियुलला जाताना एवढं करा. ती दोऱ्याची तपासणी वर्षातून एकदा तरी मागून घ्या. पायाची जाणीव कमी असेल तर गरम पाण्यात उतरावं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि जखम किंवा फोड असेल तर उतरूच नका. पाणी पायाने नव्हे, कोपराने बघा. मोजे पांढरे घाला, रक्ताचा डाग लगेच दिसतो. बूट घालण्याआधी उलटे करून झटका, वाटेत दोनदा तरी काढून बघा. अनवाणी काठावरसुद्धा चालू नका. नंतर बोटांच्या बेचक्या नीट पुसा. वाकता येत नसेल तर नातवाला मोबाईलवर तळव्याचा फोटो काढायला सांगा; ती पोरं हसतात, पण काढतात. इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखर ठेवा, कारण गरम पाण्यात इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर एकदम उतरू शकते. आणि चांदीची साखळी घरीच ठेवा. माझी काळी पडली.

वन्संना हे सगळं वाचून दाखवलं. त्या ऐकून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्याही मुंग्या गेल्या गं, दिवाळीच्या सुमारास." त्यांची तपासणी येत्या मंगळवारी आहे.