केसची तारीख आपल्या फोनवर

पोटगीची, वाटणीची केस चालू असलेल्या ताईला पुढची तारीख विचारा, उत्तर ठरलेलं: "वकीलसाहेब सांगतील." पण तारखेला कुणीच हजर नसलं तर गैरहजेरीत दावा निकाली निघू शकतो.

प्रत्येक केसला सीएनआर नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिळून १६. तो वकिलांकडून मागून घ्या. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे मोफत सरकारी ॲप आहे. त्यात हा नंबर टाकला की पुढची तारीख, मागच्या वेळी काय झालं, हे दिसतं. केस एकदा सेव्ह केली की पुन्हा शोधायला नको. जमत नसेल तर गटातली सीआरपी ताई दाखवेल.

कागदांसाठी फोनमध्ये वेगळं फोल्डर करा. नोटीस, सातबारा, पावत्या यांचे फोटो काढा आणि नाव देताना वर्ष आधी लिहा: २०२४-०३-१५ नोटीस. नावाप्रमाणे लावले की सगळे तारखेच्या क्रमाने येतात, वकिलांचाही वेळ वाचतो. मूळ कागद मात्र पिशवीत जपायचेच. धमकीचे मेसेज आले असतील तर ते पुसू नका, तो फोनही विकू नका. पुरावा तिथेच आहे. फोन घरात सगळ्यांच्या हाती फिरतो ना? मग लॉक लावा.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.