झडपेआडची संध्याकाळ

टेरेस फ्लॅट घेतलाय, दरमहा इएमआय जातोय आणि टेरेसवर मात्र फक्त कपडे वाळताहेत? समोरच्या टॉवरच्या पन्नास खिडक्या तुमच्या चहाच्या कपात डोकावताहेत? आमचंही अगदी हेच झालं होतं. त्यावर सापडलेल्या एका जुन्याच उपायाची ही गोष्ट.

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा सेल्सवाल्या मुलीने आम्हाला हॉल, किचन काही न दाखवता थेट टेरेसवरच नेलं. संध्याकाळचे सहा वाजलेले. समोर मोकळं रान, लांबवर सूसच्या बाजूचे डोंगर आणि लालभडक सूर्य. "वेस्ट फेसिंग आहे सर, रोजचा सनसेट फ्री!" ती म्हणाली. झालं! आम्ही दोघंही पाघळलो. बाणेरमध्ये, सहाव्या मजल्यावर, दहा बाय आठचं स्वतःचं टेरेस. मी मनातल्या मनात तिथे झोपाळासुद्धा टांगून टाकला.

दोन वर्षांत समोरच्या मोकळ्या रानात बावीस मजली टॉवर उभा राहिला. सनसेट गेला, ऊन मात्र राहिलं. कसं, ते सांगते. टॉवर आमच्या अगदी समोर नाही, किंचित उजवीकडे आहे. त्यामुळे दुपारी तीन ते साडेसहा ऊन थेट हॉलमध्ये, आणि दिवेलागणीनंतर समोरच्या खिडक्या थेट आमच्यावर. पायजम्यात बाहेर यायचीही चोरी. हळूहळू तिथे कपड्यांचा स्टँड आला, मग जुना कूलर, मग रद्दी. तुमच्याकडेही हाच क्रम असेल, पैज लावते!

बाबा येतात, बाबा जातात

आई गेली आणि बाबांना आम्ही वाईहून इकडे आणलं. ते शाळेत भूगोल शिकवायचे. रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस घराच्या पडवीत जायचा. पेपर तिथे, चहा तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा तिथेच. इथे आल्यावर पहिल्या दिवशी ते खुर्ची घेऊन टेरेसवर गेले आणि पाच मिनिटांत परत आले. "अगं, स्टेजवर बसल्यासारखं वाटतं," म्हणाले. मग दिवसभर आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली टीव्ही. कॉटखालची बॅग त्यांनी कधी पूर्ण रिकामी केलीच नाही.

आम्ही आमच्या परीने प्रयोग केले. आधी हिरवी जाळी लावली. आठवड्यात सोसायटीचं पत्र: बिल्डिंग बांधकामाच्या साइटसारखी दिसते, काढा. मग बांबूचे चिक आणले. दिसायला झकास! मार्च-एप्रिल मजेत गेले. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाने एक चिक उचलला आणि सहा मजले खाली पोडियमवर नेऊन टाकला. तिथे मुलं खेळतात. त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून आज हे हसत लिहितेय. त्यानंतर एका सुताराकडून आडव्या पट्ट्यांचा लाकडी पडदा करून घेतला. त्याने फरशीत आठ भोकं पाडून तो पक्का बसवला. जुलैत खालचे काका बेल वाजवून दारात उभे. "जरा खाली येता का? आमच्या हॉलचं छत बघायचंय तुम्हाला."

छताला ताटाएवढा ओला डाग होता. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग आम्ही आठ ठिकाणी फोडलं होतं. पडदा काढला, फरशी उखडली, पुन्हा वॉटरप्रूफिंग, वर काकांच्या छताचा रंग. त्या सगळ्या ठोकाठोकीत बाबा म्हणाले, "मी दिवाळीला वाईला जातो." गेले ते शिमग्यापर्यंत आलेच नाहीत. फेब्रुवारीत शेजारच्या काकूंचा फोन आला: सकाळी चक्कर येऊन पडवीत पडले होते, आता बरे आहेत. आम्ही त्याच रात्री गाडी काढली. बाबा आले, पण एक अट घालून: "दोन महिने बघतो. नाही जमलं तर परत सोडायचं."

म्हणजे आता प्रश्न फर्निचरचा राहिला नव्हता.

तीच जुनी झिलमिली

या वेळी कारागीर शोधायच्या आधी मी थोडा अभ्यास केला. आपण आज ज्याला 'लूव्हर' म्हणून कौतुकाने मिरवतो ती आपल्या पणज्यांची झिलमिलीच आहे. एका चौकटीत तिरक्या पट्ट्या, वारा येतो, ऊन आणि नजर अडते. गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरताना अशा खिडक्या तुम्ही नक्की पाहिल्या असतील. फ्रेंचमध्ये अशा झडपेला 'ज्यालुझी' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मत्सर! आतला माणूस बाहेरचं बघणार, बाहेरच्याला आतलं दिसणार नाही. मत्सर वाटणारच.

मोठमोठ्या आर्किटेक्ट्सनाही पश्चिमेच्या उन्हाने असाच घाम फोडलाय. ल कार्बुझिए या फ्रेंच-स्विस आर्किटेक्टने अहमदाबादला गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत बांधली, ती 1954 मध्ये पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या, तिरक्या पट्ट्या आहेत, कारण तिकडून रस्ता आणि मावळतीचं ऊन दोन्ही येतं. पूर्वेला साबरमती दिसते, तिथे पट्ट्या सरळ आहेत. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर 1983 मध्ये कांचनजंगा अपार्टमेंट्स उभे केले. त्यांच्यापुढचा पेच असा की, मुंबईत समुद्राचा वारा आणि व्ह्यू पश्चिमेला, आणि कडक ऊन नि झोडपणारा पाऊसही पश्चिमेलाच. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा आठवला आणि फ्लॅटला दोन मजली उंचीची खोल टेरेस दिली. थोडक्यात काय, घर आणि ऊन यांच्यामध्ये एक सावलीचा थर पाहिजे.

हा थर काचेच्या बाहेर हवा, हे महत्त्वाचं. आतून पडदा ओढला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीही. बाहेरच अडवलं तर उष्णता बाहेरच राहते.

आडवी की उभी?

इथे बाबांची एंट्री. मी फॅब्रिकेटरने पाठवलेली डिझाइन्स मोबाइलवर बघत होते. बाबांनी चष्मा पुसत विचारलं, "ऊन कुठून येतं ते मोजलंस का?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले तर टेरेसच्या फरशीवर खडूच्या रेघा आणि प्रत्येकीपुढे वेळ लिहिलेली. एप्रिलचा मध्य होता. आठवडाभर ते दर तासाला बाहेर जाऊन सावलीची रेघ मारत होते. समोरचे बावीस मजले बघताहेत याचं भानही नाही!

मग त्यांनी मला शिकवलं, ते तुम्हालाही सांगते. पुण्यात एप्रिलच्या मध्याला संध्याकाळी साडेपाच वाजता सूर्य क्षितिजाच्या जेमतेम 18 अंश वर असतो. इतकं खाली आलेलं ऊन आडव्या पट्ट्यांच्या मधून सरळ आत घुसतं. ते अडवायचं तर पट्ट्या जवळजवळ मिटाव्या लागतात, मग वारा बंद. दक्षिणेची बाजू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ऊन वरून येतं, डिसेंबरातही दुपारी सूर्य 48 अंशांच्या आसपास असतो. म्हणून दक्षिणेला आडव्या पट्ट्या, पूर्व-पश्चिमेला उभ्या.

उभ्या पट्ट्या वळवायच्या कुठे? मेच्या मध्याला पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. तिथून तो उतरतो तो पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकून. हिवाळ्यात मात्र तो नैर्ऋत्येच्या अंगाला मावळतो. तेव्हा पट्ट्यांच्या फटी नैर्ऋत्येकडे उघड्या ठेवल्या तर उन्हाळ्यातलं ऊन अडतं आणि थंडीतलं हवंहवंसं ऊन आत येतं. आमचा टॉवर पश्चिमेपासून वायव्येकडे, त्यामुळे नजरही अडते. आणि नैर्ऋत्येला काय उरतं? सूसचे डोंगर!

बाबांनी जुन्या लग्नपत्रिका कापून पट्ट्या केल्या, पुठ्ठ्यात खोचल्या आणि दिवे घालवून टॉर्चने सूर्य फिरवला. माझी तीन वर्षांची लेक "आजोबा, आता रात्र करा!" म्हणत टाळ्या पिटत होती. त्या मॉडेलवरून नियम निघाला: पट्टी 45 अंशांत वळवली तर दोन पट्ट्यांमधलं अंतर पट्टीच्या रुंदीच्या 70 टक्के किंवा त्याहून कमी हवं. मग समोरून आरपार दिसत नाही. आमची पट्टी 100 मिलिमीटरची, अंतर 70.

उभ्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा त्यांनीच दाखवला. लेकीकडे बोट करून म्हणाले, "आडव्या लावल्या तर ही त्याची शिडी करेल." माझ्या अंगावर काटाच आला. आधीच्या लाकडी पडद्याच्या वेळी हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लहान मूल असेल तर खालच्या चार-साडेचार फुटांत आडवी पट्टी नकोच. आणि कबुतरं? त्यांनाही उभ्या पट्टीवर संसार थाटता येत नाही.

फरशीला हात लावायचा नाही

मटेरियलचं म्हणाल तर सागवान देखणं, पण महाग, आणि दरवर्षी तेलपाणी मागतं. साधं पाइनवूड पावसाळ्यात फुगतं. लोखंड गंजतं. आम्ही पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम घेतलं, फिका रंग, कारण गडद रंग जास्त तापतो. स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचेच मागून घ्या. ॲल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू मारले की पाणी लागताच सांध्यापाशी कुरतडायला सुरुवात होते. मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर 316 ग्रेडचे स्क्रू लावा, खारा वारा कुणाला सोडत नाही.

यंदा चौकट बसवली ती दोन्ही बाजूच्या भिंतींत आणि वरच्या बीममध्ये. खाली फक्त रबरी बुटांवर टेकलेले पाय, फरशीला एकही भोक नाही. काचेच्या रेलिंगलाही काही बांधलं नाही, ते वाऱ्याचा जादा भार घेण्यासाठी बनवलेलं नसतं. काम चालू असताना खालच्या काकांना मी स्वतःहून वर बोलावलं. त्यांनी वाकून सगळे पाय तपासले, मगच चहा घेतला.

सोसायटीची परवानगी? ती आधी घेतली, ड्रॉइंगसकट, लेखी. पट्ट्या फिरत्या आहेत आणि टेरेस बंदिस्त होत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं. उद्या तुम्ही तिथे खिडक्या बसवून खोली करायला गेलात तर तो वेगळा विषय, त्याला महापालिकेची मंजुरी लागते.

बिल झालं 52 हजार. जाळी, चिक, लाकडी पडदा आणि काकांचं छत यांची बेरीज याहून जास्त निघाली. ती नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडून मला मेल केली. सब्जेक्ट लाइन: 'बाबांना आधी विचारायला हवं होतं'.

आणि आता?

कूलर गेला, रद्दी गेली. झोपाळा अजून टांगायचाय. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी मी चारनंतर लॅपटॉप घेऊन तिथेच बसते. हॉलमधला एसी संध्याकाळी उशिरा लागतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडूनच सरी येतात, तेव्हा पट्ट्या मिटाव्या लागतात आणि तरी थोडे शिंतोडे येतातच. बाबांच्या मते तेवढे यायलाच हवेत.

त्यांची खुर्ची कोपऱ्यात कायमची पडलीय. सकाळी पेपर, संध्याकाळी चहा आणि हातात पट्ट्या फिरवायची मूठ. आता ते सूर्यावर ऑफिसर असल्यासारखे वागतात. परवा पाहिलं तर त्यांनी एक भाग सताड उघडला होता आणि समोरच्या टॉवरमधल्या एका आजोबांना हात करत होते. मी म्हटलं, "बाबा, प्रायव्हसीसाठी केलं ना हे सगळं?" तर म्हणाले, "अगं, पडवीचं दार आपण उघडायचं असतं. कुणी उघडं टाकून जाऊ नये, एवढंच."

दोन महिन्यांची मुदत केव्हाच संपली. विचारलं तर म्हणतात, "आता दिवाळीपर्यंत बघू." बॅग अजून कॉटखाली आहे. फक्त आता तिच्यात लेकीची खेळणी असतात.

चौकट: झडपा लावण्याआधी

* आठवडाभर दर तासाला ऊन कुठपर्यंत येतं त्याच्या खडूने रेघा मारा. दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं.
* बघणारा वरच्या मजल्यावर असेल आणि पट्ट्या आडव्या असतील तर पट्टीची बाहेरची कड खाली ठेवा. नजरही अडते, पाणीही बाहेर जातं.
* खाली तीन इंच मोकळे सोडा. टेरेस धुता आलं पाहिजे आणि पाण्याची जाळी साफ करता आली पाहिजे.
* फिरत्या पट्ट्या थोड्या महाग पडतात, पण आपल्याकडे तीन ऋतू आहेत. जमलं तर त्याच घ्या.
* जोराचा वारा सुटणार असेल तर पट्ट्या उघड्या ठेवा, म्हणजे चौकटीवर भार कमी येतो.
* आणि हो, फरशीला भोक पाडण्यापूर्वी खालच्या काकांचा चेहरा आठवा!