प्रौढावस्थेतील समानुभूती : परिणाम वयाचा की पिढीचा?

सहानुभूती म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाविषयी वाटणारी कणव. समानुभूती म्हणजे त्याच्या जागी स्वतःला ठेवून ते जाणणे. समानुभूतीत बोधात्मक आणि भावनिक असे दोन घटक मानले जातात. मार्क डेव्हिस यांच्या २८ विधानांच्या प्रश्नावलीत या घटकांचे स्वतंत्र मापन होते. वयानुसार त्यांत होणाऱ्या बदलांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ओब्रायन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७५,२६३ अमेरिकन प्रौढांची माहिती तपासली. तरुण व वृद्ध यांच्यापेक्षा मध्यमवयीनांचे गुणांक अधिक आढळले. आलेख उलट्या ‘यू’सारखा झाला. यावरून म्हातारपणी मन निबर होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो घाईचा ठरेल. ऐंशी वर्षांची व्यक्ती आणि वीस वर्षांची व्यक्ती यांच्यात केवळ वयाचा फरक नसतो. त्यांचा जन्मकाळ, संस्कार व शिक्षणही भिन्न असते. ग्र्यून व सहकाऱ्यांनी (२००८) त्याच व्यक्तींचा १२ वर्षे मागोवा घेतला. एका वेळच्या तुलनेत वृद्धांचे गुणांक कमीच होते. मात्र त्याच व्यक्तींच्या गुणांकांत वाढत्या वयाबरोबर घट दिसली नाही. म्हणजेच आलेखाच्या उतारामागे वयापेक्षा पिढीचा वाटा असण्याची शक्यता बळावते.

शिवाय प्रश्नावलीत व्यक्ती स्वतःविषयी सांगते, ते तिचे प्रत्यक्ष वर्तन नव्हे. चेहऱ्यावरील राग, भीती, दुःख ओळखण्याची अचूकता उतारवयात कमी होते, हे खरे. नातीचा उतरलेला चेहरा आजीच्या लक्षात येणार नाही. पण कारण कळल्यावर तिच्याच घशाखाली घास उतरत नाही! झी व सहकाऱ्यांच्या (२०१२) प्रयोगात दुःखद चित्रफिती पाहताना वृद्धांचा भावनिक प्रतिसाद तरुणांहून अधिक होता. रिश्टर व कुन्झमान यांना (२०११) तर असे आढळले की, विषय वृद्धांच्या जिव्हाळ्याचा असल्यास त्यांची अचूकतेतील उणीवही उरत नाही.

हे सर्व अभ्यास पाश्चात्त्य समाजातील आहेत. तीन पिढ्या एकाच छताखाली नांदणाऱ्या कुटुंबांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

पिढीचा हा प्रश्न प्राध्यापक कक्षातही नित्य निघतो : ‘आजच्या मुलांना कोणाचे काही वाटत नाही.’ कॉनरॅथ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांबाबत १९७९ पासूनची अशी घट नोंदविली होती आणि तिचा गाजावाजाही झाला. २०१८ पर्यंतची माहिती जोडून २०२३ मध्ये त्यांनीच फेरतपासणी केली, तेव्हा २००८ नंतर गुणांक पुन्हा वाढल्याचे दिसले. या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.