आबिड्सचे नव्वद अंश

रविवारी हैदराबादच्या आबिड्समध्ये बंद शटरांपुढे पुस्तकांचे ढीग लागतात. एन्ट्रन्सची गाईडं, उर्दू कादंबऱ्या, पानं निसटलेले शब्दकोश आणि मधेच एखादं असं पुस्तक, की माणूस उन्हातही उकिडवा बसतो. मला तिथं कार्नाहन, लूथर आणि विल्क्स यांचं ‘अप्लाइड न्यूमेरिकल मेथड्स’ मिळालं. 1969 सालचं. तिघांपैकी दोघे मिशिगन विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, त्यामुळे या पुस्तकातल्या गणितांना रिअॅक्टरचा आणि पाइपांचा वास आहे. फोरट्रानच्या प्रोग्रॅमशेजारी कुणीतरी बारीक पेन्सिलीनं आकडे मांडले होते. पहिला आकडा खोडून खाली दुसरा, मग तिसरा.

सोबत शेजारची मुलगी होती, उस्मानिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकणारी. तिनं पानं चाळली आणि म्हणाली, “काका, हे सगळं आता कॉम्प्युटर करतो ना?”

करतो. तरी एक गणित हातानं करून बघू म्हटलं. इराणी हॉटेलात चहा मागवला, तिनं वही आणि कॅल्क्युलेटर काढला.

गणित वर्गातलं नेहमीचं. मोलच्या हिशेबानं निम्मं बेंझीन, निम्मं टोल्युइन. मिश्रण तापवत नेलं तर पहिला बुडबुडा किती अंशांना येईल? (बेंझीन कर्करोगकारक आहे, त्यामुळे कारखान्यात त्याला शक्यतो लांबच ठेवतात. पण ही जोडी फार सरळ वागते, म्हणून पुस्तकांतून जात नाही.) प्रत्येक द्रवाचा बाष्पदाब अँत्वानच्या 1888च्या समीकरणातून काढायचा, दोन्हींचा निम्मा-निम्मा वाटा घ्यायचा आणि बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी भरते का ते बघायचं. लिहायला दोन ओळी लागतात. पण तापमान दोन्ही घातांकांत अडकलेलं असल्यामुळे ते एका बाजूला काढून ‘बरोबर इतकं’ असं लिहिता येत नाही. अंदाज करायचा, तपासायचा, सुधारायचा. केमिकल इंजिनिअरिंगमधली निम्मी समीकरणं अशीच हट्टी असतात, आणि संख्यात्मक पद्धतींचं काम तिथूनच सुरू होतं.

तिनं सवयीनं लिहिलं, दाब 760 मिलिमीटर पारा.

“तो मुंबईचा,” मी म्हटलं. “आपण कुठे बसलोय?”

हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण 540 मीटर उंचावर आहे. इथल्या हवेचा दाब 713च्या आसपास. मी नोकरीत नवा होतो तेव्हा औषधाच्या कच्च्या मालाच्या एका कारखान्यात वापरलेलं टोल्युइन ऊर्ध्वपातनानं परत मिळवण्याच्या कॉलमवर होतो. पुस्तक सांगायचं 110.6 अंश, थर्मामीटर 108च्या थोडं वर जाऊन थांबायचा. मी दोनदा थर्मामीटर बदलून घेतला. तिसऱ्यांदा ऑपरेटर शांतपणे म्हणाला, “साब, इधर पानी भी सौ पे नै उबलता.” इथं पाणी 98च्या जरा वर उकळतं. 713 घालून अँत्वानचं समीकरण सोडवलं तेव्हा टोल्युइनचं उत्तर आलं 108.4. त्या दिवसापासून कुठलंही गणित हातात घेतलं की मी आधी दाब विचारतो.

तिनं 760 खोडून 713 केलं. पहिला अंदाज काय? शुद्ध बेंझीन 80च्या आसपास उकळतं, टोल्युइन 110च्या; मध्य 95. तिथं मिश्रणाचा दाब आला 827, म्हणजे 114 जास्त. आता न्यूटन-राफ्सनची पद्धत. आपण उभे आहोत तिथला चढ बघायचा. 95 अंशांवर तापमान एका अंशानं वाढलं की दाब 23.9 मिलिमीटरनं वाढतो. आपण 114 पुढे आलोय, तर 114 भागिले 23.9, म्हणजे पावणेपाच अंश मागे फिरायचं. उत्तर 90.24. तिथं पुन्हा दाब, पुन्हा चढ. 89.96. तिसऱ्या फेरीत आकडा जागचा हलला नाही. दोन फेऱ्यांत नव्वद अंश, आणि त्या पहिल्या बुडबुड्यात बेंझीन सुमारे साडेएकाहत्तर टक्के. निम्म्या-निम्म्या मिश्रणातून बेंझीन असं आधी सुटतं, म्हणून तर कॉलम चालतो.

चहा अजून गरम होता. तिनं मग जो प्रश्न विचारला, त्यानं माझा रविवार सोन्याचा झाला. “मी पहिला अंदाज 20 घेतला असता तर?”

कर, म्हटलं. 20 अंशांवर मिश्रणाचा दाब फक्त 48.5, आणि चढ अंशाला 2.4. कमी पडतात 664. भागाकार केला तर पाऊल 277 अंशांचं. नवं तापमान 297! ती आकड्याकडे बघत राहिली. बेंझीनचं क्रांतिक तापमान 289 आहे, त्यापुढे शुद्ध बेंझीन द्रव राहतच नाही, तर त्याचा बाष्पदाब कसला? पायथ्याशी वाट सपाट असते. तोच चढ शिखरापर्यंत असेल असं धरून चाललं की माणूस डोंगराच्या पार पलीकडे जाऊन पडतो. या साध्या गणितात तिथूनही फेऱ्या मारत परतता येतं. पण तीस प्लेटच्या कॉलममध्ये प्रत्येक प्लेटचं तापमान वरखालच्या प्लेटांना बांधलेलं असतं. तिथं असा एक आकडा भरकटला की सगळी आकडेमोड कोसळू शकते, आणि पडद्यावर एवढंच येतं की उत्तर सापडलं नाही.

“मग अंदाज नेहमी चांगलाच लागतो का?”

लागतो. पण समीकरण कसं मांडलंय, हेही तितकंच बघावं लागतं. दाबाऐवजी दाबाचा लॉग घेऊन तिला पुन्हा 20पासूनच निघायला सांगितलं. 74.4. मग 89.2. मग जवळजवळ नव्वद. तोच वाईट अंदाज, तीच पद्धत, आणि तीन पावलांत घरी. कारण बाष्पदाबाचा लॉग निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तासमोर मांडला तर जवळजवळ सरळ रेषा येते. हा द्रवाचा स्वभाव आहे. क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन यांनी तो एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलाय. ज्याला तो ठाऊक आहे तो लॉग घेतो. ज्याला ठाऊक नाही तो जास्त वेगवान कॉम्प्युटर मागतो. मला सॉफ्टवेअरचं वावडं नाही, मी आयुष्यभर वापरलं. पण 20 अंशांवरून 297वर गेलेलं पाऊल ज्यानं एकदा स्वतःच्या पेन्सिलीनं टाकलंय, त्याला पडद्यावरचा चुकीचा आकडा खटकतो. बाकीच्यांना तो चार दशांश स्थळांपर्यंत खरा वाटतो.

तिनं पुस्तकातलं ते पेन्सिलीचं पान पुन्हा उघडलं. या वेळी खोडलेल्या आकड्यापासून वाचायला लागली. तो आधी कुठं होता, मग कुठं सरकला, किती सरकला. “यांचाही पहिला अंदाज फार लांबचा होता,” ती म्हणाली.

बाहेर ऊन चढलं होतं, पुस्तकवाले ढिगांवर कापड ओढत होते. तिला आणखी एक करायचं होतं, तीन द्रवांचं, अॅसिटोन घालून. वहीचं नवं पान उघडलं आणि समीकरणाच्याही आधी, वर कोपऱ्यात, तिनं लिहिलं: दाब 713.