शिदोरी बांधा, बिदर-कलबुर्गी पाहा

सुट्टी लागली की मुले बाहेर जाण्याचा हट्ट धरतात आणि घरातील वडीलमाणसे खर्चाचा अंदाज बांधू लागतात. थंड हवेच्या दूरदूरच्या गावांची नावे निघतात, गाडीभाड्याचा आणि मुक्कामाचा आकडा ऐकला की सारा बेत तेथेच विरतो. अशा कुटुंबांना आम्ही आज जवळची वाट दाखवू इच्छितो. मोकळी हवा, झाडांची सावली, मुलांना बागडण्यास हिरवळ आणि पाचशे-सहाशे वर्षांचा इतिहास, ह्या साऱ्या गोष्टी बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन सीमावर्ती जिल्ह्यांत एकत्र नांदत आहेत. त्यासाठी घरची भाकरी, पाण्याची बाटली आणि पाहण्याची इच्छा एवढी शिदोरी पुरेशी आहे.

बिदर हे मराठी माणसाला परके गाव नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, त्यापूर्वी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत असत. पुनर्रचनेने त्या जिल्ह्याचे तीन भाग केले. काही तालुके महाराष्ट्राकडे आले, काही आंध्रकडे गेले, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद व बसवकल्याण कर्नाटकात राहिले. भालकीच्या किंवा औरादच्या बाजारात आजही कानडी, मराठी आणि उर्दू ह्या तिन्ही भाषा एकाच वेळी कानी पडतात. परंतु सीमेच्या अलीकडे वाढलेल्या मुलांना आपल्या पणजोबांच्या जिल्ह्याचे ठिकाण कसे होते, हे बहुधा ठाऊक नसते. नकाशावरील रेघ जमिनीला दुभागते. आठवणीलाही तिने दुभागावे काय?

बिदरमध्ये प्रथम जावे ते उदगीर रस्त्यावरील बरीदशाही उद्यानात. बहामनी सत्ता मोडल्यावर बिदरवर बरीदशाही घराण्याने राज्य केले. त्या घराण्यातील अली बरीद ह्याने स्वतःची कबर आपल्या हयातीतच बांधवून घेतली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती चारही दिशांना मोकळी आहे. उंच घुमटाखालून वारा आरपार वाहतो आणि भोवती बाग पसरलेली आहे. राजाने आपल्या अखेरच्या विसाव्यासाठी निवडलेली ही जागा आज सर्वसामान्य कुटुंबांच्या विसाव्याची झाली आहे. मुले हिरवळीवर खेळत असता वडीलधाऱ्यांनी त्यांना एवढेच सांगावे की, सत्ता गेली, खजिना गेला, पण झाडांची सावली मागे उरली.

तेथून किल्ल्यावर जावे. बहामनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली तेव्हा राजधानी कलबुर्गीस होती. पंधराव्या शतकात अहमदशहा वली ह्याने ती बिदरला आणली आणि जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर हा किल्ला उभारला. त्याचा तिहेरी खंदक पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात; कारण हा खंदक नुसत्या मातीत खणलेला नसून खडकात कोरलेला आहे. आत सोळाखांबी मशीद, तिच्यासमोरील लालबाग आणि शिंपल्यांच्या नाजूक जडावाने नटलेला रंगीन महाल आहे. बिदरी कामाची काळी भांडी पुष्कळांनी पाहिली असतील. जस्त आणि तांबे ह्यांच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी बसवितात आणि शेवटी ह्याच किल्ल्यातील माती वापरून त्या धातूला काळा रंग आणतात. चांदी मात्र शुभ्रच राहते. पायाखालच्या मातीतही कारागिराची विद्या दडलेली असते, हे येथे उमगते.

गावात महमूद गवानचा मदरसा आहे. इराणातील गीलान प्रांतातून आलेला हा विद्वान बहामनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ साली त्याने हे तीन मजली विद्यालय बांधले. निळ्या नक्षीदार फरशांचे तुकडे अद्याप दर्शनी भिंतीवर चमकतात. ज्याने विद्येसाठी एवढे केले, त्याच्या शत्रूंनी त्याच्या नावे खोटे पत्र रचले आणि १४८१ साली सुलतानाने त्याला ठार करविले. पुढे सुलतानाला सत्य कळले, पण वेळ निघून गेली होती. शहानिशा न करता दिलेला निकाल एका घराची आणि एका राज्याचीही कशी हानी करतो, हे मोठ्या मुलांना सांगण्यास ह्याहून उचित जागा मिळणार नाही.

शहराच्या पूर्वेस अष्टूर गावी बहामनी सुलतानांचे घुमट एका ओळीने उभे आहेत. त्यांतील एकावर वीज पडून तो अर्धा कोसळला आहे. घुमटाची जाडी आणि आतील बांधणी त्यामुळे उघडी दिसते, जणू कोणी फळ मधोमध कापून ठेवावे. अहमदशहाच्या घुमटात काळोख आहे. रखवालदार आरशावर ऊन घेऊन आत सोडतात तेव्हा भिंतींवरील सोनेरी आणि शेंदरी रंग एकाएकी उजळून निघतात. ह्या सुलतानाच्या उरुसास मुसलमान आणि लिंगायत हे दोन्ही समाज श्रद्धेने जमतात आणि कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे जंगम आपल्या अनुयायांसह तेथे येतात. शेजारधर्म ग्रंथांत शोधावा लागत नाही. तो अशा वाटांवर चालताना दिसतो.

बिदरचे सर्वांत मोठे आश्चर्य मात्र जमिनीखाली आहे. शहरालगत नौबाद येथे करेझ नावाची भुयारी जलवाहिनी आहे. पठारावरचा जांभा दगड पावसाचे पाणी मुरवतो, खालचा काळा पाषाण ते अडवतो. ह्या दोहोंच्या सांध्यावर साचणारे पाणी इराणी पद्धतीने मंद उतार देऊन कोरलेल्या भुयारातून पुढे आणलेले आहे. ही वाहिनी सुमारे तीन किलोमीटर लांब असून हवा खेळावी व गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी विहिरींसारखी उभी तोंडे ठेवलेली आहेत. मोट नाही, यंत्र नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी वाहते. काळाच्या ओघात ह्या तोंडांत माती आणि केरकचरा साठला, वर बांधकामे वाढली, आणि लोक करेझला विसरले. गेल्या दशकात अभ्यासकांनी तिचा माग काढला आणि गाळ उपसण्याचे काम झाले. २०२० च्या जागतिक स्मारक निरीक्षण यादीत दख्खन पठारावरील प्राचीन जलव्यवस्थांचा समावेश झाला, तेव्हा बिदरकडेही जगाचे लक्ष गेले. ज्या भागात उन्हाळ्यात विंधनविहिरी आटतात आणि बायाबापड्यांना घागरी घेऊन टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांनी हे तोंड एकदा अवश्य पाहावे. मात्र त्यांचा हात सोडू नये. आणि भुयारात उतरू तर मुळीच नये.

दुसऱ्या सुट्टीत कलबुर्गीचा बेत करावा. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी हा लोहमार्ग सुरू झाल्याने प्रवास सुलभ झाला आहे. तेथील किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची असून तिला उघडे अंगण नाही; सारी जागा कमानींनी आणि घुमटांनी छादलेली आहे. भर दुपारीही आत शीतल वाटते. शरणबसवेश्वरांच्या मंदिराजवळचे विस्तीर्ण तळे हे सायंकाळी कुटुंबासह फिरण्याचे ठिकाण आहे. ज्यांना रानाची ओढ आहे त्यांनी चिंचोळीकडे वळावे. तेथील सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे अरण्य २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. कोरड्या मुलखातील ह्या रानात लांडगा, तरस, कोल्हा आणि काळवीट ह्यांचे वास्तव्य आहे आणि चंद्रमपल्लीच्या जलाशयाकाठी डोंगराची छाया पाण्यात उतरते. रानात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शेवटी एक विनंती. अनेक घुमटांच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे दिसतात. शेकडो वर्षे ऊनपाऊस सोसलेला गिलावा दोन क्षणांच्या हौसेने खरवडला जातो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. बागेत फेकलेली पिशवी वाऱ्याने उडते आणि पाण्याच्या वाटेत जाऊन बसते. करेझ बुजली ती एका दिवसात नव्हे आणि एका माणसाच्या हातूनही नव्हे. प्रत्येकाने मूठमूठ टाकली आणि ती भरली. म्हणून शिदोरी सोडताना मुलांच्या हाती एक रिकामी थैली द्यावी आणि आपला केर आपण परत आणावा. मुलांनी वडिलांना वाकून कागद उचलताना पाहिले, तर वेगळ्या उपदेशाची गरज उरणार नाही.

ही स्थळे सरकारी खात्याच्या ताब्यात असली तरी त्यांचे खरे राखणदार त्यांना भेट देणारी कुटुंबेच होत. जे पाहिलेले नाही त्याची माया वाटत नाही, आणि ज्याची माया नाही ते कोणी जपत नाही. तेव्हा येत्या सुट्टीत मुलांसोबत आजी-आजोबांनाही न्यावे. एखाद्या कमानीखाली भाकरी सोडल्यावर, जिल्हा एक होता तेव्हाच्या वडिलांकडून ऐकलेल्या चार गोष्टी त्यांच्या तोंडून सहज निघतील. त्या कोणत्याही पुस्तकात सापडावयाच्या नाहीत.