ऑक्युलस-एएसआर : दुर्बिणींची परीक्षा घेणारा उपग्रह

ऑक्युलस-एएसआर हा अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे ७० किलो वजनाचा उपग्रह आहे. कक्षेतील वस्तूचा आकार आणि रोख जमिनीवरून कितपत अचूक ओळखता येतो, हे तपासण्यासाठी तो तयार करण्यात आला.

कक्षेतील वस्तूंवर नजर ठेवण्याच्या कामाला दोन अंगे आहेत. पहिले म्हणजे वस्तू कुठे आहे, हे कळणे. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या आकाशात चालू स्थितीतला इरिडियम ३३ आणि निकामी झालेला कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. त्यानंतर या कामाची निकड सर्वांनाच पटली. दुसरे अंग म्हणजे ती वस्तू कोणत्या स्थितीत आहे, हे ओळखणे. तिचे सौरफलक उघडले आहेत की मिटलेले? ती स्थिर आहे की गिरक्या घेते आहे?

हे दुसरे काम अधिक अवघड. ५०० किलोमीटरवरची एक मीटर लांबीची वस्तू आकाशात जेमतेम ०.४ विकला (कोन मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) इतकी जागा व्यापते, तर वातावरणाच्या थरथरीमुळे ताऱ्याचा बिंदूच साधारण एक विकला पसरतो. त्यामुळे साध्या दुर्बिणीतून उपग्रह म्हणजे सरकता ठिपका. हाती उरते ती त्याची कमीजास्त होणारी चमक आणि रंग. सपाट फलकावरून परावर्तित झालेले ऊन थेट निरीक्षकाकडे आले की ठिपका क्षणभर लखलखतो, फलक वळला की मंदावतो. या चढउताराचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र. मात्र वेगवेगळ्या आकारांचे वक्र सारखेच निघू शकतात, म्हणून काढलेला निष्कर्ष पडताळावा लागतो.

त्यासाठी ज्याचा आकार आणि रोख आधीच ठाऊक आहे, असा उपग्रह हवा. ऑक्युलस-एएसआरला ठरवलेल्या दिशेला वळता यावे आणि फलक उघडून आकार बदलता यावा, अशी त्याची रचना आहे. निरीक्षकांनी ठिपक्यावरून अंदाज बांधायचा आणि तो उपग्रहाच्या प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहायचा. हवाई बेटांतील माउई येथील अमेरिकी हवाई दलाच्या दुर्बिणी डोळ्यांसमोर ठेवून हा प्रयोग आखला गेला. अशी निरीक्षणे मुख्यतः तिन्हीसांजेला किंवा पहाटे होतात. तेव्हा दुर्बीण अंधारात असते आणि उपग्रहावर ऊन पडलेले असते. उपग्रह काही मिनिटांतच आकाश ओलांडून जातो.

अमेरिकी हवाई दलाच्या विद्यापीठीय लघुउपग्रह स्पर्धेच्या सहाव्या फेरीत, जानेवारी २०११ मध्ये, या उपग्रहाला पहिला क्रमांक मिळाला. प्रक्षेपणाला मात्र आठ वर्षे लागली. तेवढ्या काळात पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत गेल्या आणि काम एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवले गेले.

२५ जून २०१९ रोजी केनेडी अवकाश केंद्रावरून फाल्कन हेवी अग्निबाणाने एकूण २४ उपग्रह नेले. ऑक्युलस-एएसआर त्यांपैकी एक. त्याच्यासाठी ठरलेली कक्षा लंबवर्तुळाकार होती : सुमारे ३०० ते ८६० किलोमीटर उंचीची, विषुववृत्ताशी २८.५ अंश कललेली. त्यामुळे माउईच्या आकाशातून तो जाणार होता आणि एकच वस्तू कधी जवळून, कधी दुरून पाहण्याची सोयही होणार होती.