मते जवळपास सारखी, जागा मात्र ३० आणि १७

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीने ३०, तर महायुतीने १७ जागा जिंकल्या. उरलेली सांगलीची जागा अपक्ष विशाल पाटील यांच्याकडे गेली. हे आकडे पाहिल्यावर राज्यातील मतदारांनी महायुतीला सपशेल नाकारले, असा समज होणे स्वाभाविक आहे. निकालानंतरच्या विश्लेषणांचा सूरही बहुतांशी तोच होता. मतांची बेरीज मात्र वेगळेच सांगते. दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे ४४ टक्के मते मिळाली आणि त्यांच्यातील फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. मग १३ जागांचे अंतर पडले कोठून?

कांद्याचा प्रश्न, मराठा आरक्षणाचे आंदोलन, संविधानाविषयीचा प्रचार, दोन पक्षांतील फूट ही कारणे तेव्हा पुष्कळ चर्चिली गेली. मते एका बाजूकडून दुसरीकडे का सरकली, हे त्यांवरून कळते. सारख्या मतांना असमान जागा का मिळाल्या, याचे उत्तर त्यांत नाही. ते आपल्या मतमोजणीच्या पद्धतीत आहे. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो खासदार. मग तो एका मताने पुढे असो वा तीन लाखांनी. विजयासाठी लागणाऱ्या मतांपलीकडचे प्रत्येक मत, जागांच्या हिशेबात, वायाच जाते.

महायुतीची मते अशीच ठिकठिकाणी साचली. उत्तर मुंबईत पीयूष गोयल साडेतीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. रावेर, जळगाव, ठाणे आणि कल्याण येथील मताधिक्यही प्रत्येकी दोन लाखांवर गेले. मुंबई वगळता ठाणे-कोकण पट्ट्यातील सहापैकी पाच जागा महायुतीने घेतल्या. याउलट मराठवाड्यातील आठपैकी केवळ औरंगाबाद आणि विदर्भातील दहापैकी नागपूर, अकोला व बुलडाणा एवढ्याच जागा तिच्या हाती लागल्या. आघाडीचेही काही विजय प्रचंड होते, हे खरे. धाराशिवमध्ये ओमराजे निंबाळकर यांचे मताधिक्य तीन लाखांच्या पुढे होते. परंतु चुरशीच्या लढतींत आघाडीच्या पारड्यात अधिक जागा पडल्या. बीडमध्ये बजरंग सोनवणे साडेसहा हजार मतांनी निवडून आले. धुळ्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. तेथे भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत आघाडीवर होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी विजयी झाल्या.

दुसरा घटक मतविभागणीचा. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९९८ मध्ये काँग्रेस आणि रिपब्लिकन पक्ष एकत्र लढले तेव्हा त्यांनी ३७ जागा जिंकल्या. रिपब्लिकन पक्षाचे चार नेते खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. पुढच्याच वर्षी शरद पवार यांनी वेगळी चूल मांडली. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांच्या मतांची बेरीज ५० टक्क्यांच्या वर होती, शिवसेना-भाजप युतीची ४० टक्क्यांच्या आत. तरीही युतीला २८ आणि दोन्ही काँग्रेसना मिळून १६ जागा मिळाल्या. २००९ मध्ये फटका युतीला बसला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची राज्यातील मते अवघी चार टक्के, पण मुंबईत तिच्या सहाही उमेदवारांनी लाखाचा पल्ला ओलांडला आणि सहाही जागा आघाडीकडे गेल्या. ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या तीन हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. मनसेच्या शिशिर शिंदे यांना तेथे सुमारे १ लाख ९५ हजार मते होती.

अर्थात, तिसऱ्या उमेदवाराची सगळी मते पराभूताच्या खात्यात मांडण्याचा मोह टाळायला हवा. तो उमेदवार नसता तर त्याचे कित्येक मतदार मतदानालाच गेले नसते. २०२४ मध्ये सांगलीने उलटेच उदाहरण घालून दिले. तेथे आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरे यांच्या शिवसेनेचा होता, पण त्याची अनामत जप्त झाली आणि काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटील एक लाखाच्या फरकाने विजयी झाले. मतविभागणी कशी टाळायची, हे तेथील मतदारांनी परस्परच ठरवून टाकले.

जेथे फरक अत्यल्प असतो, तेथे मात्र किरकोळ गोष्टीही निर्णायक ठरू शकतात. साताऱ्यात उदयनराजे भोसले सुमारे ३२ हजार ८०० मतांनी जिंकले. ‘पिपाणी’ चिन्हावरील एका अपक्षाला तेथे ३७ हजार मते पडली. शरद पवार यांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ असल्याने मतदारांचा गोंधळ झाला, असा त्या पक्षाचा दावा होता. दिंडोरीत तर पिपाणीने लाखाचा टप्पा गाठला. तेथे पक्षाचा उमेदवार तरीही निवडून आला, ही गोष्ट वेगळी. वायव्य मुंबईत मतदानयंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. या मतदारसंघात ‘नोटा’ला १५ हजारांवर मते होती. कीर्तिकर यांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

एवढ्या नाजूक तोलावर उभ्या असलेल्या निकालाला आघाडीच्या नेत्यांनी कौल मानले आणि विधानसभेच्या जागावाटपात मुख्यमंत्रिपदाचा वाद उकरला. महायुतीने मात्र अर्ध्या टक्क्याचा हिशेब आधी केला, असे तिच्या पुढील पावलांवरून दिसते. ‘लाडकी बहीण’ योजना निकालानंतर महिन्याभरातच जाहीर झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही बाजूंच्या मतांतील अंतर दहा टक्क्यांहून अधिक झाले आणि त्याच पद्धतीने, त्याच यंत्रांवर, महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेतानुसार २९ आमदार लागतात. आघाडीतील सर्वांत मोठ्या पक्षाकडे, ठाकरे यांच्या शिवसेनेकडे, २० होते.